सडपातळ बाईलाही साखर होते
(डहाणू येथील महिला आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



डहाणू-तलासरीत मी काम सुरू केलं तेव्हा आमच्या वहीत कुपोषण, रक्तपांढरी आणि बाळंतपण एवढेच विषय होते. मधुमेह हा शहरातल्या खात्यापित्या घरचा आजार, अशी माझीही समजूत होती. मग एका पाड्यावर चाळिशीची एक बाई भेटली. हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं. पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. तपासलं तर रक्तदाब वाढलेला आणि साखरही. "जाड नाही, मग साखर कशी?" असं तिनंच विचारलं.

पोटात साठलेली चरबी इन्सुलिनचं काम अडवते. रक्तदाब आणि मधुमेह बरेचदा जोडीनं येतात. एक दिसला की दुसरा शोधायचा. याची मुळं उपासमारीतही आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळं वजनाला कमी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त! अशा मुलांचं वजन पुढे वाढलं की मधुमेहाचा धोकाही वाढतो.

म्हणून बाईला "फार खातेस" असा दोष देऊ नका. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा रक्तदाब १४०/९० च्या वर असेल, तर साखर तपासून घ्या. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत आहे. ती उपकार म्हणून नाही, हक्कानं मागू या.