परभाषेचा अभ्यास आणि टिकणारी उमेद
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जून महिन्यात इंग्रजीचे नवे पुस्तक हाती पडले म्हणजे मुलांच्या उत्साहाला उधाण येते. चित्रे पाहिली जातात, पुस्तकाला कव्हर घातले जाते, घरी गेल्यावर आजीला दोन शब्द मोठ्या ऐटीत ऐकविले जातात. दिवाळीच्या सुटीनंतर याच मुलांची स्थिती काय होते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. फळ्यावरचे शब्दार्थ मुकाट्याने उतरवून घ्यावयाचे आणि तास केव्हा संपतो याची वाट पाहावयाची, एवढाच त्यांचा इंग्रजीशी संबंध उरतो. महाराष्ट्रात इंग्रजी हा विषय जून २००० पासून पहिलीच्या वर्गापासून सुरू झाला. ज्या शिक्षकांच्या शिरावर हे काम आले, त्यांतील पुष्कळांनी स्वतः इंग्रजीची अक्षरे पाचवीत गिरविली होती. आपला उच्चार चुकेल, एखाद्या शब्दाचा अर्थ मुलांसमोर आठवणार नाही, ही धास्ती मनात बाळगून अनेकांनी तो तास घेतला. तेव्हा ओसरते ती उमेद केवळ मुलांची नव्हे, शिक्षकाचीही असते; चर्चा मात्र मुलांचीच होते.

या बाबतीत दहा भाषा लीलया बोलणाऱ्या पंडितांची उदाहरणे फारशी कामाची नाहीत. ती ऐकून सामान्य माणूस अधिकच खचतो. महात्मा गांधींचे उदाहरण निराळे आहे. भाषा शिकण्याची असाधारण देणगी त्यांना नव्हती, आणि आपल्या आत्मकथेत त्यांनी ते कोठेही लपविलेले नाही.

राजकोटच्या हायस्कुलात असताना सहाव्या इयत्तेत त्यांनी संस्कृतपुढे हात टेकले. संस्कृतचे शिक्षक कडक होते, फारसीचे मवाळ. फारसी सोपी असल्याचे मुले आपापसांत बोलत, म्हणून एके दिवशी ते फारसीच्या वर्गात जाऊन बसले. संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांना याचे वाईट वाटले. त्यांनी मुलाला जवळ बोलाविले. तू वैष्णवाचा मुलगा, आपल्या धर्माची भाषा तुला नको काय, असे विचारून, अडेल तेव्हा आपल्याकडे यावे, पुढे या भाषेत गोडी वाटेल, असे त्यांनी समजाविले. त्या ममतेने मुलगा शरमला व परत आला. व्याकरण त्या दिवशी तसूभरही सोपे झाले नव्हते. अडले तर कोणाकडे जावयाचे, एवढे मात्र त्या मुलाला कळले होते.

विलायतेत १८८८ साली गेल्यावर त्यांनी फ्रेंच शिकण्यास आरंभ केला, तो सभ्य गृहस्थ दिसण्यासाठी. नृत्य, व्हायोलिन आणि वक्तृत्व यांच्या जोडीने फ्रेंच! हा सारा षोक सुमारे तीन महिन्यांत आटोपला. पुढे लंडनच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेसाठी लॅटिन व एक आधुनिक भाषा आवश्यक ठरली आणि तीच फ्रेंच पुन्हा हाती आली. या वेळी मात्र मिनिटामिनिटाचे वेळापत्रक आखून. हाताशी अवघे पाच महिने होते. लॅटिनमध्ये ते नापास झाले. त्यांना दुःख झाले, पण धीर सुटला नाही. कारण नापास होईपर्यंत लॅटिनची गोडी लागून चुकली होती. राहणी अधिक साधी करून ते पुन्हा अभ्यासाला लागले आणि १८९० साली उत्तीर्ण झाले. त्यानंतर रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधूनच वाचला. दक्षिण आफ्रिकेत रोमन-डच कायदा चालत असल्याने तेथे त्या वाचनाचा त्यांना उपयोग झाला.

येथे शिक्षकाने एक गोष्ट ताडून पाहावी. नापास झालेल्या मुलाला विषयाची काही गोडी लागलेली असेल, तर ते अपयश तो पचवितो. गोडी नसेल तर पस्तीस गुण मिळूनही तो त्या विषयाला कायमचा रामराम ठोकतो. गुणपत्रकात हा फरक दिसत नाही, म्हणून तो वर्गात पाहावा लागतो.

१८९६ साली नाताळहून कलकत्त्यास येणाऱ्या जहाजावर गांधीजींनी उर्दू व तमिळ या दोन भाषांचा अभ्यास आरंभिला. नाताळातील मुसलमान आणि मद्रासकडील हिंदी लोक यांच्याशी निकटचा संबंध जडावा, हा हेतू. बरोबर एक इंग्रज अधिकारी उर्दू शिकत होता. त्याच्या विनंतीवरून गांधीजींनीच डेकवरच्या उतारूंतून एक चांगला मुन्शी शोधून काढला. त्या अधिकाऱ्याची स्मरणशक्ती अशी की एकदा पाहिलेला शब्द तो विसरत नसे. गांधीजींना अक्षरे ओळखतानाही अडचण पडे. त्यांनी चिकाटी वाढविली, तरी त्या अधिकाऱ्याला ते गाठू शकले नाहीत. तथापि शिकणे त्यांनी सोडले नाही, कारण त्यांना त्या अधिकाऱ्याच्या पुढे जावयाचे नव्हते, नाताळातील माणसांपर्यंत जावयाचे होते. वर्गात पहिल्या क्रमांकाच्या मुलाकडे बोट दाखवून इतरांना हिणविण्याची जी सवय काही ठिकाणी आढळते, तिने मुलाच्या डोळ्यांपुढील माणसे पुसली जातात आणि केवळ तो अधिकारी उरतो.

सर्वांत मननीय भाग टॉलस्टॉय फार्मवरचा आहे. जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर १९१० साली स्थापन झालेल्या या वसाहतीत मुलांना शिकविण्याचे काम गांधीजींकडे आले. सकाळी शेतात अंगमेहनत, दुपारी शाळा. शिकणारे आणि शिकविणारे दोघेही पेंगत, मग डोळ्यांवर पाणी मारीत. तमिळ मुलांना तमिळ शिकवावयाचे, आणि शिक्षकाची पुंजी म्हणजे जहाजावर व तुरुंगात झालेला अभ्यास. पोपसाहेबांच्या तमिळ पाठ्यपुस्तकापलीकडे मजल गेलेली नव्हती. मुले आफ्रिकेत जन्मलेली, त्यांना लिपी येत नव्हती. ती आणि थोडे व्याकरण त्यांनी शिकविले. बोलण्यात मात्र मुले शिक्षकाहून सरस होती. इंग्रजी न जाणणारे तमिळ लोक भेटीस आले म्हणजे हीच मुले दुभाष्याचे काम करीत. गांधीजींनी आपले अज्ञान त्यांच्यापासून कधी झाकले नाही, आणि त्यामुळे मुलांचे प्रेम व आदर उणावला नाही, असा त्यांचा स्वतःचा निर्वाळा आहे.

ज्या शिक्षकाला इंग्रजीच्या तासाची धास्ती वाटते, त्याने हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. शब्द अडला तर मुलांसमोर शब्दकोश उघडावा. एखाद्या मुलाचा उच्चार अधिक शुद्ध असेल, तर त्यालाच पाठ वाचावयास सांगावे. मोठ्या माणसालाही अडते आणि अडल्यावर तो शोधतो, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला स्वतःच्या अडण्याची लाज वाटत नाही. अज्ञान झाकण्याची धडपड मात्र मुले पहिल्याच आठवड्यात ओळखतात. या बाबतीत ती फार चतुर असतात.

गांधीजींची तमिळ पुढे काय झाली, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. आफ्रिकेतील तुरुंगात तिचा अभ्यास थोडा पुढे गेला, तसा उर्दूचा येरवड्याच्या तुरुंगात. परंतु तमिळ बोलणे कधी साधले नाही, आणि वाचनापुरते आलेले ज्ञानही सरावावाचून गंजत चालले, अशी कबुली आत्मकथेतच आहे. चिकाटीच्या माणसाचीही एखादी भाषा अर्ध्यावर राहते. मे महिन्याच्या सुटीत मुले निम्मे इंग्रजी विसरून येतात, त्याबद्दल जूनमध्ये त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पहिले पंधरा दिवस जुन्या पाठांना द्यावेत.

नोव्हेंबर १९४६ मध्ये दंगलीने होरपळलेल्या नोआखलीत गांधीजी गेले, तेव्हा त्यांचे वय ७७ वर्षांचे होते. तेथील लोकांची भाषा बंगाली. आणि त्या वयात पाटीवरच्या मुलासारखी त्यांनी बंगाली अक्षरे गिरविण्यास घेतली. दिवस कितीही धकाधकीचा असला तरी थोडा पाठ व्हावयाचा. नोआखली सुटली, पुढे दिल्ली आली, तरी हा क्रम चालू राहिला. ३० जानेवारी १९४८ रोजी सकाळी स्नान आटोपल्यावरही त्यांनी त्या दिवसाचा बंगालीचा पाठ लिहिला होता.