शाकाहारी घरातला मधुमेह

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



प्रारंभीच स्पष्ट करतो, मी वैद्य नाही. मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. तज्ज्ञांनी काय शोधले हे समजून घेऊन आपल्यासमोर मांडणे, एवढाच माझा अधिकार.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ साली आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे होते. या आकड्यांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली घरेही आहेत. ‘आम्ही तर मांसाला शिवतही नाही, मग आम्हांला हा विकार कसा?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. आज त्याचेच उत्तर शोधू.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी प्रा. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला सडपातळ असतो. परंतु स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी अधिक, अशी आपली घडण असते. म्हणून ‘मी काही लठ्ठ नाही’ या समाधानात राहणे धोक्याचे आहे.

आता ताटाकडे वळू. त्याच पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५मध्ये आले. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा केवळ पिष्टमय पदार्थांतून येते आणि त्यांतही पॉलिश केलेला तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांचा भरणा मोठा असतो. आणखी एक निष्कर्ष आपले डोळे उघडणारा आहे. भाताऐवजी गव्हाची पोळी किंवा भरडधान्याची भाकरी घेतली, पण एकूण पिष्टाचे प्रमाण तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळत नाही. पिष्टाचा काही भाग काढून त्या जागी डाळी, कडधान्ये, दूध-दही यांतील प्रथिने घेतली, तर मात्र धोका कमी असल्याचे दिसते. म्हणजे ज्वारी-नाचणीची भाकरी उत्तमच. पण ती एक की तीन, हेही पाहिले पाहिजे.

तेव्हा ताटाची मांडणीच बदलू या. अर्धे ताट मेथी, शेपू, चाकवत, दोडका, दुधी अशा भाज्यांचे आणि काकडी-मुळ्याच्या कोशिंबिरीचे. पाव ताट मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण किंवा पिठले यांचे. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. यातले काहीही परदेशातून आणावे लागत नाही. अमेरिकेत डॉ. नील बर्नार्ड यांनी ९९ मधुमेहींवर केलेला प्रयोग २००६मध्ये प्रसिद्ध झाला. कमी स्निग्धांशाचा, पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या गटातील ४३ टक्के लोकांची मधुमेहाची औषधे २२ आठवड्यांत कमी करता आली. तेथील मधुमेह संघटनेने सुचविलेला आहार घेणाऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. वैद्यकीय देखरेखीखाली, पथ्य नेटाने पाळून हे घडले, हे ध्यानात ठेवावे.

येथे आपल्याच काही समजुतींना हात घालावा लागेल. उपवासाचा हेतू संयम. आणि आपल्या ताटात येते काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर रताळ्याच्या गोड फोडी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. गुळाचा चहा निर्धोक, हाही भ्रमच. गूळ आणि मध हीदेखील साखरेचीच रूपे होत. फळ चावून खावे, त्याचा रस काढू नये.

आहाराइतकेच महत्त्व विहाराला. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठविण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. ते हालचाल करू लागले की इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीही उपयोगी ठरते. चरकसंहितेने प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख आणि अतिनिद्रा यांची गणना केली आहे, तर सुश्रुतांनी निर्धन रुग्णाला शंभर योजने पायी चालण्यास सांगितले आहे, तेही पादत्राणांवाचून. चालण्याचा उपदेश अवश्य घ्यावा. अनवाणी मात्र चालू नये, कारण मधुमेहात पायांची संवेदना मंदावते आणि जखम झालेली कळत नाही.

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२मध्ये आले. आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट एवढे ध्येय ठेवणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या ५३१ भारतीयांवरील अभ्यासातही २००६मध्ये २८.५ टक्के घट आढळली. जोडीला आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम हवा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा आयुष्यभर प्रसार केला, तो सूर्यनमस्कार आपल्या घरातच आहे.

आता तीन सावधगिरीच्या सूचना. पहिली, कोणाच्याही सांगण्यावरून इन्शुलिन वा गोळ्या परस्पर बंद करू नका. बालवयात बहुधा सुरू होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन हा प्राणच आहे. तेथे कोणताही काढा त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरी, आहार घटवला, व्यायाम वाढवला आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. घाम, थरथर, भोवळ जाणवल्यास तत्काळ साखर घ्यावी. तिसरी, शाकाहाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळते आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ती वाढू शकते. पायांना येणारी बधिरता दरवेळी मधुमेहाचीच असेल असे नाही. रक्त तपासून घ्यावे.

शेवटची विनंती रुग्णांना नव्हे, त्यांच्या कुटुंबीयांना आहे. घरातील एकाच्या ताटात पथ्य आणि बाकीच्यांच्या ताटात श्रीखंड-पुरी, असे पथ्य महिनाभरही टिकत नाही. सारा भार स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीवर टाकून पुरुषांनी मोकळे होणेही न्याय्य नाही. ताट सगळ्यांचेच बदलावे. ज्या घरात आई-वडिलांना मधुमेह आहे, तेथे मुलांनाही तो होण्याचा संभव अधिक. म्हणून हे पथ्य त्यांच्यासाठीही आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या महिन्यात एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि आज रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून फेरफटक्याला निघावे.