क्रूझर घ्यायची, पण कोणती?

मी पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी, वय पासष्ट, मुक्काम बंगळुरू. आजचा विषय मोटारसायकल, आणि त्यातही क्रूझर. तुम्ही बेळगावहून ऐकत असा, इंदूरहून, बडोद्याहून किंवा हैदराबादहून. निवृत्तीचे पैसे हातात आले की आमच्या वयाच्या बऱ्याच पुरुषांच्या डोक्यात हा किडा वळवळतो. माझ्याही डोक्यात वळवळला, आणि पहिली गाडी मी साफ चुकीची घेतली. तिथूनच सुरुवात करतो.

शोरूममध्ये एक गाडी दिसली. वजन अडीचशे किलोच्या घरात, पाय ठेवायच्या जागा पार पुढे, हॅंडल रुंद, क्रोमची झळाळी. शोरूमच्या काचेत स्वतःचं रूप पाहिलं आणि चेक फाडला. टेस्ट राइड घेतली ती दहा मिनिटांची, रिकाम्या रस्त्यावर, एकट्याने. चौथ्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या चढावर गाडी बंद पडली. मागे मिसेस बसलेल्या. पुढे ताणलेला पाय मागे घेऊन जमिनीवर टेकवेपर्यंत गाडी कलली होती. वेग शून्य. तरी तिचं मनगट मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टर. ती चिडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, मी आता मागे बसणार नाही."

लग्न झाल्यापासून ही बाई माझ्या बुलेटवर, बदलीच्या प्रत्येक गावात, मागे बसली होती. याच शहरात, येलहंका हवाई तळावर, १९ नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या सेनेच्या टोर्नेडोज पथकाचे ५८ जवान एका ५०० सीसी रॉयल एनफिल्डवर बसून गेले आणि विक्रम झाला. ते अठ्ठावन्न नेतात, आणि मला एक सांभाळता आली नाही!

दोष गाडीचा नव्हता. ती लांब, सरळ, मोकळ्या रस्त्यासाठी बनलेली होती. दोष निवडीचा होता. टेहळणी न करता हल्ला चढवला की काय होतं, हे मी जवानांना वर्षानुवर्षं शिकवत आलो, आणि स्वतः तेच केलं. गाडी विकली, तोटा सोसला आणि मग शांतपणे अभ्यास केला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक जाड, जुन्या वळणाची गाडी क्रूझर नसते. बुलेट, क्लासिक ३५० किंवा होंडाची हायनेस या क्रूझर नव्हेत. त्यांचं आसन ८०० मिलिमीटरच्या आसपास, पाय जवळजवळ शरीराखाली. क्रूझरचं आसन खाली, पाय पुढे, हॅंडल आपल्याकडे आलेलं, दोन चाकांमधलं अंतर जास्त आणि पुढचा फोर्क अधिक तिरका. त्यामुळे ती सरळ रस्त्यावर रुळावरून चालल्यासारखी स्थिर चालते, पण गल्लीत वळताना आळस करते. जे हायवेवर सुख, तेच सिल्क बोर्डच्या चौकात दुःख.

आता प्रकार. पहिला साधा, हलका क्रूझर. आपल्या पुण्याच्या बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० घ्या. वजन १६३ किलो, आसन ७३७ मिलिमीटर. उंची कमी असलेल्यांचेही दोन्ही तळवे जमिनीला लागतात. दुसरा मधला, म्हणजे २०२० साली आलेली रॉयल एनफिल्डची मेटिऑर ३५०. वजन १९१ किलो, आसन ७६५. तिसरा मोठा, म्हणजे सुपर मेटिऑर ६५०. वजन २४१ किलो, दोन सिलिंडर, ४७ पीएस ताकद. चौथा बॉबर, जसा जावाची पेराक. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन तरुणांनी मडगार्ड कापून गाड्या हलक्या केल्या, त्यातून ही पद्धत आली. दिसायला देखणी, पण आसन एकट्याचं. ज्याला मागे कुणी बसवायचं नाही, त्याने खुशाल घ्यावी. चॉपर आणि ट्रायम्फ रॉकेटसारख्या अडीच हजार सीसीच्या पॉवर क्रूझर पाहायला छान. आपल्या विषयात त्या येत नाहीत.

कागदावरचे आकडे वाचायलाही शिका. अ‍ॅव्हेंजर २२० आणि मेटिऑर ३५० या दोघींची ताकद जवळजवळ सारखीच, वीस पीएसच्या आगेमागे. मग फरक कुठे? अ‍ॅव्हेंजरचा टॉर्क साडेसतरा न्यूटन मीटर, आणि तो मिळतो सात हजार आरपीएमला. मेटिऑरचा २७, तो चार हजारांना. म्हणजे चढावर, मागे माणूस असताना, मेटिऑर इंजिन न किंचाळवता उचलते. उलट अ‍ॅव्हेंजर अठ्ठावीस किलोंनी हलकी. पार्किंगमधून ढकलून मागे काढताना ते अठ्ठावीस किलो तुमच्या गुडघ्यांना कळतात.

दुसरा आकडा जमिनीपासूनच्या उंचीचा. सुपर मेटिऑरची १३५ मिलिमीटर, मेटिऑरची १७०. बंगळुरूचे स्पीडब्रेकर ज्याने पाहिलेत त्याला जास्त सांगायला नको.

तिसरी गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते, ती म्हणजे कंबर. पाय शरीराखाली असले की खड्डा आल्यावर आपण पेगवर उभं राहून धक्का पायांवर घेतो. पाय पुढे असले की उभं राहता येत नाही, सगळा धक्का थेट मणक्यात. ज्यांना स्लिप डिस्कचा त्रास आहे त्यांनी पार पुढच्या पेगच्या गाडीपासून दूरच राहावं, आणि आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि रस्ता कोणता, हेही पाहा. बंगळुरू-मैसूरू द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर आपल्याला पहिल्यापासूनच मज्जाव. म्हणजे ज्या गुळगुळीत रस्त्याचं स्वप्न पाहून आपण मोठी क्रूझर घेतो, त्यातले काही रस्ते आपले नाहीतच. आपल्या वाट्याला सर्व्हिस रोड.

म्हणून टेस्ट राइडला गेलात तर पाच कामं करा. एक, बसून दोन्ही तळवे पूर्ण टेकतात का पाहा. दोन, इंजिन बंद ठेवून हलक्या चढावर गाडी मागे ढकला. तीन, हॅंडल पूर्ण वळवून अरुंद रस्त्यात यू-टर्न घ्या. चार, जो माणूस मागे बसणार आहे त्यालाच बसवा आणि अर्धा तास चालवा. पाच, स्पीडब्रेकरवर आणि चढावर थांबून पुन्हा निघा. यात एक जरी जमलं नाही, तर त्या दिवशी चेकबुक खिशातच राहू द्या.

मी ही पाचही कामं तीन गाड्यांवर केली, एकट्याने. चौथं काम राहत होतं. महिनाभर काही बोललो नाही. मग एका रविवारी म्हणालो, "गाडी तू निवड. तू नको म्हणालीस तर विषय संपला." ती आली. आरशाकडे पाहिलंही नाही. मागच्या आसनावर बसली, पाठीला टेकू आहे का विचारलं, पाय ठेवून पाहिले आणि मला म्हणाली, "आता त्या चढावर थांबवून दाखवा." दाखवलं. तीनदा.

मेटिऑर ठरली. तीत माझा रुबाब कमी झाला, हे कबूल करतो. गेल्या डिसेंबरात आम्ही बेळगावला, तिच्या माहेरी गेलो. पाचशे किलोमीटर, दावणगेऱ्याला एक मुक्काम. पहिल्या दिवशी तुमकूर येईपर्यंत तिने माझं जॅकेट मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. सिऱ्याच्या पुढे केव्हातरी पकड सैल झाली. मी काही बोललो नाही, वेगही वाढवला नाही.

तुम्हाला कोणती गाडी शोभते हे मी सांगू शकत नाही. तुमचे गुडघे, तुमचे रस्ते आणि तुमच्या मागे बसणारा माणूस, या तिघांना विचारा. आणि हेल्मेट दोन घ्या, दोन्ही सारख्याच प्रतीची.

जय हिंद.