रस्ता, गटार आणि करदाता

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेत झालेले भाषण)



वाचनालयाच्या व्यासपीठावरून रस्त्यांविषयी बोलावयाचे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटले असेल. परंतु आज सायंकाळी येथे येताना आपणांपैकी किती जण मान वर करून चालत आले? मी तरी पायाखाली पाहतच आलो. जेथे वृद्ध माणसाला खाली पाहिल्यावाचून ग्रंथांपर्यंत पोचता येत नाही, तेथे रस्ता हा वाचनालयाचाही विषय होतो.

आमच्या गल्लीतील एक आजी पावसाळ्यात दळण घेऊन घरी परतत होत्या. पदपथावरील गटाराचे झाकण कोणी काढले होते ते ठाऊक नाही. वर पाणी साचले होते, त्यामुळे खड्डा दिसला नाही. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर त्या माउलीने घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. गावाचे नाव मी सांगत नाही. आपण आपापल्या गावाचे नाव तेथे घालावे. फारसे चुकेल असे वाटत नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो हा, की रस्ता कोणाचा? बेळगावचेच उदाहरण घ्या. शहरातील बहुतेक गल्ल्या महानगरपालिकेच्या, लष्करी छावणीच्या हद्दीतील रस्ते कँटोन्मेंट बोर्डाचे, काही रस्ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे, आणि बाहेरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. डांबरावर ही सीमा आखलेली नसते. म्हणून तक्रारीचा अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडत राहतो आणि खड्डा मात्र जागेवरच असतो. घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात नगरसंस्थांकडे सोपविता येतील असे 18 विषय आहेत. त्यांत रस्ते व पूल आहेत, रस्त्यांवरील दिवेही आहेत. विषय आले, परंतु त्यांच्यामागून पैसा तितक्या तत्परतेने आला नाही. घरपट्टीवर दैनंदिन कारभार कसाबसा चालतो आणि मोठ्या कामासाठी सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागते. अनुदान उशिरा येते, निविदा त्याहून उशिरा निघते, आणि रोलर रस्त्यावर येतो तेव्हा आभाळ भरून आलेले असते.

आता रस्ता मरतो कसा, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण हे कळले म्हणजे निम्मी फसवणूक टळते. रस्त्याचा वैरी गाडी नव्हे, पाणी होय. वर दिसते ते डांबर हे केवळ छप्पर. भार पेलते ती खालची खडी आणि तिच्याखालची दाबून बसविलेली माती. डांबराला बारीक चीर पडली की पाणी आत उतरते, माती मऊ होते, प्रत्येक चाकाबरोबर खालचा भाग दबतो, आणि एके सकाळी छप्पर कोसळते. त्यालाच आपण खड्डा म्हणतो. बेळगावच्या पश्चिमेस जांभ्याची तांबडी जमीन, पूर्वेस काळी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. तिच्यावरचा रस्ता अधिक काळजीने बांधावा लागतो. म्हणून रस्त्याचा मध्य उंच आणि कडा उतरत्या ठेवतात. मीटरभर रुंदीला दोन-अडीच सेंटीमीटर उतार पुरतो. परंतु तो उतार ज्या गटारात संपावयाचा, ते गटारच रस्त्याहून उंच असेल किंवा गाळाने भरले असेल, तर उत्तम डांबरही टिकत नाही. जो कारभारी मे महिन्यात गटारे उपसतो, तो रस्त्याचीच दुरुस्ती करीत असतो. त्याचा फोटो मात्र कोणी काढीत नाही.

खड्डा बुजविण्याचीही रीत आहे. सैल झालेला भाग चौकोनी कापून काढावा, धूळ-पाणी झाडावे, तळाला आणि कडांना पातळ डांबर लावावे, मग गरम मिश्रण घालून ते दाबावे. आपल्याकडे पुष्कळदा घमेलेभर खडी ओतून फावड्याने थापटतात. ती चार दिवसांनी दुचाकीस्वाराच्या चाकाखाली विखुरते आणि खड्ड्याहून घातक ठरते. शिवाय नवा रस्ता झाला की नळासाठी, तारेसाठी तो पुन्हा खणला जातो. खणणाराकडून दुरुस्तीचे पैसे घेतलेले असतात. तरी चर मातीनेच बुजतो.

पदपथाविषयी काय बोलावे! इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था 1934 पासून देशातील रस्त्यांची मानके ठरवीत आली आहे. तिच्या 2012 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथ निदान 1.8 मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची 15 सेंटीमीटरांहून अधिक नसावी. आपले पदपथ कोठे गुडघ्याएवढे उंच, कोठे विजेच्या खांबाने अडविलेले. भाजीवाल्या बाईला त्यासाठी दोष देणे मला पटत नाही. तिच्यासाठी जागा नेमून देण्याचा कायदा 2014 सालीच झाला आहे. नेमून न देणाराला विचारावे.

"पैसा नाही" हे उत्तर आपण निमूटपणे ऐकतो. माळव्यातील रतलामच्या नागरिकांनी ते ऐकले नाही. उघडी गटारे आणि घाण यांविरुद्ध ते दंडाधिकाऱ्याकडे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने स्पष्ट झाले, की तिजोरी रिकामी असल्याच्या सबबीवर नगरपालिकेला आपले कायदेशीर कर्तव्य टाळता येत नाही.

आपल्या हाती आणखी दोन साधने आहेत. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने केवळ कागदांच्या नकलाच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. डांबराचा तुकडा मागता येतो, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि अर्ज कोणत्या भाषेत लिहावा म्हणून जे बिचकतात, त्यांनी घटनेचे 350 वे कलम वाचावे. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठीत लिहा, पोच घ्या, तारीख जपा.

आमच्या गल्लीत आम्ही तेच केले. अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप-पुस्तकाची नक्कल मागविली. ठेकेदाराची हमीची मुदत संपण्यास सात महिने बाकी होते, हे त्यातून उघड झाले. तोवर कोणी ते आम्हांला सांगितले नव्हते. पत्र गेल्यावर माणसे आली, चर नीट भरला, आजी पडल्या त्या जागी लोखंडी झाकण बसले. ते पदपथापासून दोन बोटे वर राहिले आहे. त्याविषयीचा दुसरा अर्ज गेल्या सोमवारी दिला. त्याची पोच माझ्या खिशात आहे.