पाणंद टिकवायची तर आधी पाणी काढा



हिंगोलीची काळी जमीन पावसात फुगते,
उन्हाळ्यात भेगाळते.
तिच्यावर नुसता मुरूम टाकला,
तर पहिल्याच पावसाळ्यात तो चिखलात रुततो.

आधी वेडी बाभूळ मुळासकट काढा.
वरची मऊ माती उचलून शेतात पसरा.
मग दगडाचा थर, त्यावर मुरूम.
प्रत्येक थरावर पाणी मारा, रोलर फिरवा.

पण खरा शत्रू साचलेलं पाणी.
रस्ता मधोमध उंच ठेवा.
दोन्ही बाजूंना चारी खोदा,
ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाका.
चारीसाठी धुऱ्याची हातभर जागा सोडणं जिवावर येतं.
तरी सोडाच.
वसमतची हळद अशाच वाटांनी बाजारात जाते.

पुन्हा सांगते,
आधी पाणी काढा, मग मुरूम टाका.

पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत करा.
वाट अडवली असेल, तर तहसीलदारांकडे अर्ज द्या.