प्रश्न विचारणारी मुले



दिवाळीनंतरच्या दिवसांत दोंडाईच्याला येणाऱ्या नवख्या माणसाला पहिला ठसका लागतो तो मिरचीचा. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पथाऱ्या पडलेल्या असतात. ओली लाल मिरची उन्हात पसरलेली असते आणि आयाबाया डोक्याला फडके बांधून ती वरखाली करीत असतात. पाहुणा शिंकतो, गावचा माणूस हसतो. मला आज या मिरचीवरूनच तुमच्याशी बोलावयाचे आहे. परंतु विषय बाजाराचा नाही, शाळेचा आहे.

दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुलांना शिकवितो. अलीकडे आमच्याकडेही पिवळी बस येऊ लागली आहे. तालुक्याच्या गावी ‘इंटरनॅशनल’ असे लिहिलेल्या पाट्या दिसतात. एखादा पालक शाळेच्या ओट्यावर येऊन बसतो आणि हळूच विचारतो, “गुरुजी, तिकडे असं काय शिकवतात, की जे आपल्या शाळेत नाही?” प्रश्न रास्त आहे. त्याला टोलवून चालणार नाही. म्हणून आधी हे ‘आंतरराष्ट्रीय शिक्षण’ म्हणजे काय ते पाहू.

पाटीवर शब्द लिहिला म्हणजे वस्तू आली असे नव्हे, हे तुम्ही जाणताच. पण खरी वस्तूही आहे. १९६८ साली स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ नावाची संस्था निघाली. तिने १९९७ साली तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक शिक्षणक्रम सुरू केला. त्याची रीत थोडक्यात अशी: गणिताचा तास वेगळा, भूगोलाचा तास वेगळा, एवढ्यावर न थांबता एखादा मोठा विषय घ्यावयाचा. जग कसे चालते, माणसे आपला कारभार कसा लावतात, पृथ्वी आपण सर्वांत वाटून कशी घेतो, असा. त्यावर मुलांनी प्रश्न काढावयाचे, अंदाज बांधावयाचे, पाहावयाचे, मोजावयाचे, माणसांना विचारावयाचे आणि जे हाती आले ते इतरांपुढे मांडावयाचे. शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करावयाची नाही. मुंबई-पुण्याकडे अशा शाळांची वर्षाची फी लाखांच्या घरात जाते.

आता गंमत पाहा. या रीतीचे मूळ शोधीत गेलो तर आपल्याला कापूस सापडतो! अमेरिकेत शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने १८९६ साली मुलांसाठी एक प्रयोगशाळा काढली. तिथल्या मुलांच्या हाती त्याने कच्चा कापूस आणि कच्ची लोकर दिली. एका गटातील मुले अर्धा तास बोंडातून आणि सरकीपासून रुई सोडवीत बसली. निघाली किती? एक औंसही नाही, म्हणजे आपल्या मापाने अडीच तोळ्यांच्या आत! तेव्हा त्या मुलांना आपोआप उमगले, की जिन निघण्यापूर्वी लोक लोकरीचे कपडे अधिक का वापरीत आणि एका यंत्राने जगाचा पोशाख कसा बदलला. ज्या शिकागोत कापूस पिकत नाही, तिथे मास्तराने तो मुद्दाम आणून मुलांच्या हाती दिला. आपल्या खानदेशात मुलाच्या दारात कापसाची गाडी उभी असते, आणि आपण त्याला ‘कापूस हे नगदी पीक आहे’ हे वाक्य पाठ करावयास सांगतो.

आपल्याकडे हे कुणी केलेच नाही, असे मात्र समजू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी वारली मुलांमध्ये ते वाढविले. मुले गुरे राखावयास जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, अशी ‘कुरणशाळा’ त्यांनी चालविली. पाने, बिया, शंख, खडे हीच तिथली साधने. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ काढले आणि मुलाच्या अनुभवाला आणि विचाराला शाळेत मानाची जागा दिली. ही सारी कामे मराठीत झाली, अल्प पैशात झाली.

इतकेच नव्हे, तर आता कायदाही हेच सांगतो. १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. त्याच्या २९व्या कलमात म्हटले आहे, की मुलाने कृतीतून आणि शोधातून शिकावे, शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मातृभाषा असावे आणि मुलाला भीती न वाटता मोकळेपणाने बोलता यावे. म्हणजे लाखांची फी देऊन जे मागावयाचे, ते प्रत्येक खेड्यातल्या मुलाचे हक्काचे आहे.

मग अडते कोठे? दुसऱ्या कुणाला बोल लावण्यापेक्षा मी माझीच चूक सांगतो.

तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई पथारीवर कामाला जाते. मुलगी अबोल. एके दिवशी मी ‘पदार्थांच्या अवस्था’ शिकवीत होतो. ती एकाएकी उठून म्हणाली, “गुरुजी, मिरची वाळनी म्हंजे हलकी काबरं व्हस?” वर्ग हसला. आणि मी काय केले? मी म्हणालो, “‘व्हस’ नाही, ‘होते’ म्हण.” ती ‘होते’ म्हणाली आणि खाली बसली. प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने मला एकही प्रश्न विचारला नाही.

श्रोते हो, आपल्या घरात अहिराणी बोलली जाते, कुठे भिलोरी, कुठे गुजर बोली. लहान मुलाला प्रश्न पडतो तो त्याच्या आईच्या भाषेत. पुस्तकी मराठी त्याला आलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. ती त्याला पुढे नेणार आहे. परंतु प्रश्न उंबऱ्यावर उभा असताना आपण आधी त्याचे कपडे तपासावयास लागलो, तर तो आल्या पावली परत जातो. मी ती मुलगी गप्प केली होती, आणि ‘मुले काही विचारतच नाहीत हो’ अशी तक्रारही मीच करीत होतो.

पुढच्या वर्षी मिरचीचा हंगाम आला तेव्हा मला ते आठवले. मी वर्गात सांगितले, “गेल्या वर्षी एक प्रश्न विचारला होता, तो माझ्याकडे उधार राहिला आहे. आता पाहू या.” बाजारातून किलोभर ओली लाल मिरची आणली. दुकानदाराच्या तराजूवर तोलली. अंगणात गोणपाटावर पसरली. प्रत्येकाने आपला अंदाज पाटीवर लिहिला: वाळल्यावर किती भरेल? कुणी म्हणाले नऊशे ग्रॅम, कुणी म्हणाले अर्धा किलो.

पाचव्या दिवशी वजन पुष्कळच उतरले. तेव्हा एक मुलगा म्हणाला, “उंदरांनी खाल्ली असेल.” दुसरा म्हणाला, “कुणी घरी नेली असेल.” सगळे हसले. तेवढ्यात मागून आवाज आला, “पण आपण मोजल्या कुठे होत्या?” खरेच, आम्ही मिरच्या मोजल्याच नव्हत्या! मलाही ते सुचले नव्हते. ‘अरे, पाणी उडून गेले’ हे उत्तर माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. ते सांगितले असते तर तास दहा मिनिटांत संपला असता आणि मुलांनी ते वहीत उतरून घेतले असते.

आम्ही पुन्हा आरंभ केला. या वेळी शंभर मिरच्या मोजून घेतल्या आणि तोलल्या. रोज चार वाजता वजन, फळ्यावर आलेख. बाराव्या दिवशी मिरच्या शंभरच्या शंभर होत्या आणि वजन तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. चोरी झाली नव्हती. मग गेले काय? एक ओली मिरची प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवली. दुपारी पिशवीच्या आत थेंब जमले. ते पहिल्याने पाहिले त्या अबोल मुलीनेच. ती ओरडली, “पानी!” या वेळी मी तिचा ‘न’ दुरुस्त केला नाही.

मग त्यातून गणित निघाले. एक क्विंटल वाळली मिरची हवी तर ओली किती घ्यावी? हिशेब आला सव्वातीन ते साडेतीन क्विंटल. ज्याच्या घरी मिरची पिकते त्या मुलाने विचारले, “मग ओली विकावी की वाळवून विकावी?” यावर दोन दिवस चर्चा झाली. मजुरी, जागा, देठ खुडणे, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर? एका आजोबांना वर्गात बोलाविले. त्यांनी आपला अनुभव सांगितला. व्यवहारी अपूर्णांक इतक्या आवडीने मी कधी शिकविले नव्हते.

आणि मग तीच मुलगी आपण होऊन उठली. “गुरुजी, पोपटले मिरची तिखट काबरं लागत नही?”

मला उत्तर माहीत नव्हते. पंचवीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला ‘मला माहीत नाही’ म्हणणे जड जाते. पण मी ते म्हणालो आणि प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. दहा दिवसांनी उत्तर मिळाले. मिरचीत कॅप्सेसिन नावाचा पदार्थ असतो आणि तो बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या गाभ्यात अधिक असतो. आपल्या तोंडात चटका ओळखणारी जी यंत्रणा आहे तिलाच तो चेतवितो, म्हणून तोंड भाजल्यासारखे वाटते. पाखरांच्या अंगी ती यंत्रणा या पदार्थाला दाद देत नाही. पाखरू मिरची खाते आणि बी दूर नेऊन टाकते. ते बी रुजू शकते. उंदीर-घुशी दातांनी बी चावून टाकतात. म्हणजे मिरचीने आपले गिऱ्हाईक निवडून घेतले आहे! कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिखट लागले की पाण्यापेक्षा दुधा-ताकाने बरे वाटते, हे आमच्या मुलींनी आपल्या आयांना विचारून आणले.

नंतर नकाशा काढला. ही मिरची मूळची आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटासाठी मिरी आणि पिंपळी होती. आणि आपला कापूस? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पथारीवरून निघालेले मूल असे मेक्सिकोपर्यंत जाऊन पोहोचते. मला वाटते, आंतरराष्ट्रीय शिक्षण ते हेच. आपल्या दारातून निघून जगापर्यंत जाणे. दार सोडून दिले तर निघावयाचे कोठून?

माझे शिक्षक बंधू-भगिनी म्हणतील, “दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात माहितीचे तक्ते भरावयाचे, हे उद्योग कधी करावे?” अडचण खरी आहे. म्हणून मी रोज करा असे म्हणत नाही. महिन्यातून एक प्रश्न घ्या. परिसर अभ्यासाचा जो पाठ चालू असेल त्याच्याशी जुळणारा घ्या. फळ्याचा एक कोपरा मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. मुलाने विचारले की उलट विचारा, “तुला काय वाटते?” आणि मग, “ते कसे पाहता येईल?” आणि मिरचीसारखी वस्तू असेल तर ती फोडू देऊ नका, हात साबणाने धुववून घ्या, नाहीतर शोध राहील बाजूला आणि डोळे चोळीत घरी जातील!

आणखी एक सांगतो. पाढे, वाचन, लेखन यांना यातून सुटका नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला शोधता येत नाही. त्या मुलीचे पाढे अजून कच्चेच आहेत आणि आम्ही ते रोज घोकून घेतो. त्या वर्षी आमच्या शाळेतून दोन मुले पिवळ्या बसने गेली, हेही लपवीत नाही. त्यांच्या आईबापांना मी दोष देत नाही. लेकराचे बरे व्हावे असेच त्यांना वाटते. त्यांना एवढेच सांगेन, की शाळा कोणतीही असो, संध्याकाळी मुलाला ‘आज काय शिकवले?’ असे विचारता, तसेच ‘आज तू काय विचारलेस?’ असेही विचारा. आणि त्याने घरी काही विचारले तर ‘गप बस’ म्हणू नका. उत्तर येत नसेल तर ‘चल, पाहू’ म्हणा. त्याला फी लागत नाही.

२६ जानेवारीला आमच्या मुलांनी गावापुढे आपला आलेख मांडला. पथारीवरच्या आयाबायाही आल्या होत्या. त्या मुलीने आधी अहिराणीत आणि मग पुस्तकी मराठीत सारे सांगितले. तिची आई मागे उभी होती. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, इतकी वर्षे आपण मिरची वाळवतो, पण तिचे वजन कुठे जाते हे आपल्याला कुणी विचारलेही नव्हते आणि सांगितलेही नव्हते.

तिच्या मुलीने ते विचारले होते. मी ते वर्षभर उशिरा ऐकले. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असा एखादा प्रश्न आज उभा असेल, तर त्याला इतका वेळ तिष्ठत ठेवू नका.