तंबू कोठे ठोकावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाची सहल लडाखला न्यावी असा बेत आपल्या कार्यकारिणीने केला आहे, आणि तंबूत राहण्याची हौस पुष्कळजणींनी बोलून दाखविली आहे. तेव्हा मुक्कामाचे तळ कसे निवडावेत याविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. सध्या आपल्यात जी छायाचित्रे हातोहात फिरत आहेत, ती सारी निळ्या तळ्याकाठच्या पांढऱ्या तंबूंची आहेत. चित्र सुंदर आहे यात शंका नाही. परंतु चित्रात हवा दिसत नाही, आणि लडाखात मुक्काम निवडावयाचा तो देखाव्यावरून नव्हे, हवेवरून.

हा प्रदेश म्हणजे उंचावरचे थंड वाळवंट. पावसाळी ढग हिमालय अडवून धरतो, त्यामुळे लेहला वर्षाकाठी अवघा चार इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरी आषाढातल्या एखाद्या दिवसातच तेवढा पडून जातो! लेहची उंची सुमारे ३५०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तेथे हवा इतकी विरळ की, समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशच पदरात पडतो. पाणीदेखील ८८ अंशांच्या आसपास उकळू लागते. म्हणून आधण आले तरी डाळ शिजत नाही, कुकरच लावावा लागतो. डाळीची ही गत, तर आपल्या देहाची काय होत असेल?

विरळ हवेची सवय व्हावयास शरीराला दिवस लागतात. ते न दिले तर डोके ठणकते, मळमळते, अन्नावरची वासना उडते, झोप लागत नाही. एवढ्यावर वर चढणे थांबविले तर बहुधा एकदोन दिवसांत बरे वाटते. पण तसेच वर जात राहिले, तर फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साठते. बसल्या जागी धाप लागणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही त्याची लक्षणे. त्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. नळकांड्यातला प्राणवायू मदत करतो, पण त्याच्या भरवशावर वर राहू नये.

यात महत्त्व आहे ते रात्री निजण्याच्या उंचीला. ३००० मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वर नेऊ नये, आणि दर तीनचार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. हे गणित मांडले की, आपले तळ आपोआप ठरतात.

विमानाने गेलो तर शरीर एकदम लेहला जाऊन पडते. म्हणून तेथे पहिल्या तीन रात्री काढाव्यात, आणि पहिला दिवस तर पडून राहण्यातच घालवावा. त्यानंतर नुब्रा. वाटेत खारदुंग-ला ही ५३५९ मीटरांची खिंड लागते खरी, पण ती ओलांडून आपण वाळूच्या टेकड्यांच्या हुंदर गावी निजतो, ते लेहपेक्षाही खाली. दिवसा चढावे आणि रात्री उतरून निजावे, हे येथे छान साधते. तंबूत राहण्याची हौस दोन रात्री येथेच फेडून घ्यावी. ज्या पँगाँग तळ्याची चित्रे आपण पाहिली, ते सव्वाचार हजार मीटरांवर आहे. त्याचा क्रम शेवटी, आणि तोही एकाच रात्रीचा. ज्यांना तोवर पुरते बरे वाटत नसेल, त्यांनी तळे डोळे भरून पाहावे आणि अलीकडच्या टांगत्सेला उतरून राहावे.

मोटारीने जावयाचे असेल तर श्रीनगर-कारगिलचा रस्ता सोपा. कारगिल २७०० मीटरांच्या आत असल्यामुळे चढण बेताबेताने होते. मनालीच्या रस्त्याने मात्र दुसऱ्याच रात्री सरचूचे तंबू पुढे येतात, तेही ४२०० मीटरांच्या वर! त्याऐवजी खालच्या जिस्पाला दोन रात्री राहणे शहाणपणाचे.

उंची ठरली, की जमीन पाहावी. कोरडा नाला सपाट आणि मऊ दिसतो, म्हणून तेथे तंबू टाकण्याचा मोह होतो. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहजवळ ढगफुटी झाली, तेव्हा अशा नाल्यांतून चिखल आणि दगडांचे लोट आले व दोनशेहून अधिक माणसे दगावली. पाऊस नसला तरी बर्फाच्या पाण्याचा ओढा सकाळी घोट्याइतका असतो आणि दुपारच्या उन्हाने बर्फ वितळले की संध्याकाळी फुगतो. यासाठी तळ ओढ्याच्या काठापासून दूर आणि उंचवट्यावर असावा. मात्र वर सुटे दगड असलेली दरड नसावी. दुपारनंतर वारा फार सुटतो, तेव्हा भिंतीचा किंवा झाडांचा आडोसा पाहावा. आणि थंडी कितीही वाजो, बंद तंबूत कोळशाची शेगडी घेऊन निजू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

शौचाची सोय आधी विचारून घ्यावी. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या त्या मुलखात मातीचे कोरडे संडास ही जुनी आणि शहाणी रीत आहे. तिला नाके मुरडू नयेत. त्सो-मोरीरी आणि त्सो-कार या तळ्यांच्या पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात, म्हणून अगदी पाण्याला लागून थाटलेला तळ मला पसंत नाही. त्यापेक्षा गावातल्या घरी पाहुणे म्हणून राहावे. दगडामातीच्या भिंती तंबूपेक्षा उबदार असतात आणि आपले पैसे तिथल्या गृहिणीच्या हाती पडतात.

आता मनातली गोष्ट सांगते. हवेपेक्षाही मला भय वाटते ते आपल्या बायकांच्या मुकाट्याने सोसण्याचे. “माझ्यामुळे सगळ्यांचा विरस नको,” असे म्हणून डोकेदुखी लपविणारी एकजण प्रत्येक सहलीत असते. घरी हा गुण म्हणून खपतो. लडाखात तो जिवावर बेततो. म्हणून माझी सूचना अशी की, रोज संध्याकाळी प्रमुखबाईंनी प्रत्येकीला नावाने विचारावे. एक गाडी रात्रभर तयार ठेवावी. जिला खाली उतरावे लागेल तिच्यासोबत कोणी जावयाचे, हे इथूनच ठरवून निघावे, आणि परत आल्यावर तिला कोणी टोमणा मारू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. गोळ्याही त्यांनाच विचारून घ्याव्यात, शेजारणीला विचारून नव्हे.

तळे आणखी एका वर्षानेही तेथेच असणार आहे. जितक्याजणी जाऊ, तितक्याजणी हसतखेळत परत येऊ, एवढा निश्चय करून तंबू ठोकूया.